श्रावण मिस्त्रींचा वॉटरपेपर

चकचकीत वस्तू हातात आली की श्रावण मिस्त्री त्या वस्तूकडे बघायचे नाहीत, तिच्यात दिसणाऱ्या खिडकीकडे बघायचे. मग तो चहाचा स्टीलचा पेला असो, कोणाचा नवा मोबाईल असो, की दारात उभ्या गाडीचं बॉनेट. वस्तू जरा तिरपी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि तिच्यात उमटलेला खिडकीचा गज शोधायचा. गज सरळ दिसला तर त्यांची मान हलायची. वाकडातिकडा दिसला तर ती वस्तू खाली ठेवून म्हणायचे, "घाई केली कोणीतरी." मला त्यांनी हे वाक्य तीन वेळा ऐकवलं. तिन्ही वेळा खरं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते लोणारच्या एका रेशन दुकानासमोर. अंगठ्याचं मशीन त्यांना ओळखत नव्हतं. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक करून दहाही बोटं झाली. मशीन प्रत्येक वेळी नकार देत होतं. दुकानदार म्हणाला, बाबा, तुम्ही तुम्हीच आहात याचा काहीतरी कागद आणा. रांगेतली माणसं हसली. मी नेमकी याच विषयावरची पत्रकं वाटत तिथे उभी होते. ज्याच्यासाठी आपण लिहितो तो माणूस असा समोर येऊन उभा राहिला की आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना चेव येतो. मी दुकानदारावर तुटून पडले. कायदा सांगितला, कलम सांगितलं, तहसीलदारांचं नाव काढलं. म्हातारा शांतपणे बोटं धोतराला पुसत होता. माझं संपल्यावर रांगेकडे वळून म्हणाला, "हसू नका बे. मशीन खोटं नाई बोलून राह्यलं. चाळीस वर्षं घासली ही बोटं. आता त्याले दिसन तरी काय?"

चाळीस वर्षं ते गाड्यांच्या बॉडीला रंग मारायचे. रंग मारायचे म्हणजे बहुतेक वेळ घासायचेच. पत्र्याच्या खळग्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, ती वाळली की पाण्यात भिजवलेल्या वॉटरपेपरनं, म्हणजे खरखरीत पॉलिश-कागदानं, घासायची, रंगाचा हात द्यायचा, पुन्हा घासायचा. त्या कागदानं पत्र्याबरोबर त्यांच्या बोटांवरच्या रेघाही नेल्या होत्या. सुरुवातीची पंधरा वर्षं गॅरेजमध्ये कोरडंच घासायला लावलं, तोंडाला फडकंसुद्धा नाही. त्या धुळीनं छाती गेली. खोकला सुरू झाला की त्यांना भिंत धरावी लागे. खोकला वाढल्यावर मालकानं एका सोमवारी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मी तहसीलच्या चकरा मारल्या, दोन पत्रकं काढली, आणि शेवटी त्यांना मोबाईलवरच्या ओटीपीवर धान्य मिळायला लागलं. या विजयानं मी फुगले होते. मग मी त्यांच्यावरच एक पत्रक लिहिलं. शोषण, पिळवणूक, धुळीनं पोखरलेली फुप्फुसं, बेदरकार मालक, कुठेही हात राखला नव्हता. त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "याच्यात मी जिता हाये का मेलो?"

मी म्हटलं, जिवंत आहात की, म्हणून तर लढायचं.

"मंग माही छाती लिवली तू, हात कुठी हायेत माहे? म्या रंगवलेल्या गाडीत लोकं तोंड पाहून भांग पाडत. ते नाई लिवलं काऊन?"

मला तेव्हा राग आला होता. मी इतकं पोटतिडकीनं लिहावं आणि या माणसानं भांग पाडायच्या गोष्टी सांगाव्यात! पत्रक मी छापलं नाही, पण ते म्हणाले ते मला पटलंही नव्हतं. तेव्हापासून ते मला पत्रकवाली म्हणायला लागले. "आली का पत्रकवाली? आज कोनाचं वाटोळं करून आली?"

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. पिठाच्या गिरणीमागे एक खोली मी भाड्यानं घेतली होती. हेतू असा की गावातल्या मुलींनी दुपारी चार तास घराबाहेर यावं, पेपर वाचावा, बोलावं, भांडावं. पण पेपर वाचायला कोण मुलगी पाठवतो? म्हणून मी "हस्तकला वर्ग" अशी पाटी लावली. हस्तकलेवर माझा मुळीच विश्वास नव्हता. बायकांच्या हातात मणी-दोरा दिला की त्या मागण्या करायच्या विसरतात, असं मी एका पत्रकात लिहिलंसुद्धा होतं. ती पाटी माझ्यासाठी निव्वळ युक्ती होती. पाच मुली यायच्या. त्यांतली दुर्गा सगळ्यांत हुशार. बारावीनंतर घरी बसवलेली. तिनं मोबाईलवर बघून पॉलिमर क्ले नावाचा प्रकार आणला. रंगीत कणकेसारखा तो मऊ गोळा असतो, हवा तो आकार द्यायचा, छोट्या ओव्हनमध्ये भाजायचा, की प्लास्टिकसारखा टणक होतो. मुली त्याची लोणारच्या तळ्याची पदकं करायच्या. रुपयाच्या नाण्याहून मोठं गोल पदक, कडेला जंगलाचा हिरवा, आत काठाचा राखाडी, मध्ये पाण्याचा निळसर हिरवा. गळ्यात घालायला वरती कडी. तळं बघायला येणारे लोक एखाद-दुसरं घेत.

एकदा तहसीलहून परतताना किल्ली द्यायला मी खोलीवर थांबले. मिस्त्री बरोबर होते. त्यांनी एक पदक उचललं, खिडकीकडे तिरपं धरलं आणि विचारलं, हे कोणी घासलं? दुर्गा म्हणाली, घासलं नाही बाबा, भाजल्यावर नेलपॉलिश लावलं. मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. नेलपॉलिशखाली मुलींच्या बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले होते.

"पाह्य," ते मला म्हणाले. "पोरींचे ठसे तळ्यावर सापडले. माहे कुठी गेले ते सरकारले अजून नाई सापडून राह्यले."

दुसऱ्या दिवशी ते वॉटरपेपरच्या तुकड्यांची पिशवी घेऊन हजर झाले. कोणी बोलावलं नव्हतं. क्लेला ते शेवटपर्यंत "तुमची प्लास्टिकची कणीक" म्हणत राहिले, पण आठ दिवसांत तिचा स्वभाव त्यांनी ओळखला. भाजलेलं पदक पूर्ण थंड होऊ द्यायचं. बादलीत पाणी, पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब. आधी चारशे नंबरच्या कागदानं घासायचं, मग सहाशे, आठशे, हजार, दीड हजार आणि शेवटी दोन हजार, जो कागद हाताला कागदासारखा लागतसुद्धा नाही. प्रत्येक नंबरनं आधीच्या नंबरच्या रेघा काढायच्या. मग जुन्या जीन्सच्या तुकड्यावर पदक घासत राहायचं, कापड गरम होईपर्यंत. त्या शेवटच्या घासण्यात एकाएकी आतून पाणी वर यावं तशी चमक येते. पहिल्यांदा ती आली तेव्हा दुर्गा ओरडली नाही, हसली नाही, नुसती पदक पालथं-सुलटं करत राहिली.

एखादा नंबर गाळला की त्यांना कळायचं. ते डोळे मिटून पदकावर गाल टेकवायचे, कारण बोटांना आता एवढं बारीक कळत नव्हतं. "आठशे खाल्ला तू," असं ते म्हणाले की मुलगी मुकाट्यानं बादलीकडे परत जाई. आणि कोणी कोरडं घासताना दिसली तर मात्र ते आवाज चढवत. धूळ छातीत जाते, पाण्यातच घासजो, असं ते एकेकीला रोज सांगत. रोज, म्हणजे खरंच रोज.

दसऱ्यापूर्वी एक मोठं काम आलं. बाहेरगावच्या कॉलेजातली प्राध्यापक आणि विद्यार्थी मंडळी तळं अभ्यासायला येणार होती, आणि त्यांच्या मॅडमना सगळ्यांना भेट द्यायला एकशे वीस पदकं हवी होती. हे काम फक्त कामच नव्हतं. दुर्गाचा मोठा भाऊ संतोष याने तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत पाहू. खोलीतून काही निष्पन्न झालं तर ठीक, नाहीतर बंद, मग स्थळं बघायची. बाकी चार घरंही संतोषकडेच बघत होती. दुर्गा थांबली की चौघी थांबणार. म्हणजे एकशे वीस पदकांवर ती खोली उभी होती. मुलींना माहीत होतं, मला माहीत होतं, मिस्त्रींनाही माहीत होतं.

आणि मी घाई केली.

मिस्त्री चार दिवस तापानं घरी होते. मोजून पाहिलं तर घासून तयार झालेली पदकं निम्मीही नव्हती, आणि मॅडम पुढच्या शनिवारी येणार होत्या. मला ते सहा-सहा नंबरचं घासणं म्हणजे म्हाताऱ्याचा छंद वाटायला लागला. मी बुलढाण्याला मीटिंगला गेले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून चकाकीचा स्प्रे आणला. दुकानदार म्हणाला, लावा आणि विसरा. दुर्गा म्हणाली, बाबांना विचारू या का? मी म्हटलं, बाबांनी आयुष्यभर गाड्यांवर काय मारलं? स्प्रेच ना? मुलींना माझं बोलणं खोडायची सवय नव्हती. खोडायला शिकवायचं म्हणून तर खोली घेतली होती, पण स्वतःच्या बाबतीत ते शिकवायचं राहून गेलं होतं. मी हौसेनं सगळ्या पदकांवर स्प्रे मारला, घासून झालेल्यांवरसुद्धा, म्हणजे सगळी एकसारखी दिसतील. दुपारभरात एकशे वीस तळी लखलखली. वाळल्यावर एकेक पदक कागदात गुंडाळून खोक्यात भरलं. कागद म्हणून उरलेली पत्रकं होती, तीच वापरली.

मंगळवारी मिस्त्री आले. खोकं उघडायला सांगितलं. दुर्गानं पहिल्या पदकावरचा कागद काढायला घेतला तर तो निघेना. ओढला तर फाटून निघाला आणि पदकावर शाई राहिली. दुसरं तसंच, तिसरं तसंच. स्प्रे वाळलाच नव्हता. उलट त्या क्लेशी काहीतरी होऊन चिकट, ओलसर झाला होता, बोट लावलं की तार यावी असा. प्रत्येक तळ्यावर माझ्या पत्रकातली अक्षरं उलटी छापली गेली होती.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पण तुम्हीसुद्धा स्प्रेच मारत होता.

"लोखंडावर मारला," ते म्हणाले.

मला लागलं ते लपवायला मी लगेच चिडले. त्या स्प्रेच्या कंपनीला सोडणार नाही, दुकानदारानं फसवलं, ग्राहक मंचात जाते, यावर पत्रकच काढते, असं बरंच बोलले. मिस्त्री मला खोलीबाहेर गिरणीच्या ओट्यावर घेऊन गेले. आत मुलींना वाटत होतं की त्यांच्याच हातून काही चुकलं. भाजणं कमी पडलं का, हात ओले होते का, अशी त्यांची कुजबुज चालली होती. मिस्त्री म्हणाले, "पत्रक मंग काढ. आधी पोरींले जाऊन सांग, हे कोनं केलं ते. त्या सोताले दोष देऊन राह्यल्या आत."

मी म्हटलं, त्यांना दिसतंच आहे की.

"दिसते. पण तू सांगितल्याबिगर त्याईले ते म्हणता येत नाई. माह्या मालकानं मले कधी म्हटलं, माह्यं चुकलं म्हणून? मी चाळीस वर्षं वाट पाह्यली त्या शब्दाची."

मी आत गेले. आतापर्यंत मी कलेक्टर कचेरीसमोर बोलले होते, माईकवर बोलले होते, पोलिसांशी हुज्जत घातली होती. पाच मुलींसमोर ते दोन शब्द काढायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नव्हता. माझं चुकलं, मी म्हटलं. बाबांनी एकही नंबर गाळायचा नाही असं सांगितलं होतं, दुर्गानंही विचारलं होतं, मी ऐकलं नाही. मग दुर्गानं एक पदक उचलून भिंतीवरच्या आरशासमोर धरलं आणि वाचलं, "'झालेच पाहिजे.' ताई, तळ्याची मागणी काय आहे तेवढं कळत नाही." सगळ्या हसायला लागल्या. मीही हसले, पण डोळे पुसत.

मिस्त्रींनी एक वाया गेलेलं पदक थिनरमध्ये बुडवून बघितलं. क्लेच विरघळायला लागली. मग मेडिकलमधून स्पिरिट आणलं. फडक्यावर घेऊन पुसत गेलं की चिकटा निघत होता. चिकट्यावर कागद चालवला असता तर कागद भरून गेला असता, म्हणून आधी सगळी पुसून काढली. नंतर पुन्हा चारशेपासून. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मुली सकाळीच यायला लागल्या. मला चारशेचाच कागद मिळाला. पुढचे नंबर माझ्या हाती द्यायला ते तयार नव्हते. माझं पदक ते गालाला लावायचे, डोळे न उघडता परत करायचे आणि म्हणायचे, "पुना." शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या बोटांची टोकं लाल झाली होती. मी एकदा म्हटलं की आता माझेही ठसे जाणार. ते म्हणाले, "तीन दिवसात नाई जात. अजून लय पत्रकं लिवशीन तू."

स्पिरिटच्या वासानं त्यांचा खोकला उसळला होता. मी घरी जायला सांगितलं. ते उंबरठ्याबाहेर जाऊन बसले आणि तिथूनच पदकं तपासत राहिले. खोकला यायचा, भिंत धरायचे, ओसरला की हात पुढे करायचे, आणखी एक द्या. त्या तीन दिवसांची किंमत त्यांच्या छातीनं मोजली हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त शनिवार दिसत होता.

थिनरमध्ये बुडवलेलं धरून अकरा पदकं वाचली नाहीत. बाकी दहांच्या अंगात अक्षरं इतकी उतरली होती की घासून पाण्याच्या रंगाचा थरच निघून गेला असता. मी म्हटलं, ती खाली ठेवून वर चांगली रचू. मिस्त्रींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ती बाजूला काढली. शनिवारी मॅडम आल्या तेव्हा दुर्गानंच सांगितलं की एकशे नऊ आहेत, अकरा आमच्याकडून बिघडली. मॅडमनी एक पदक उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. विचारलं, यावर कुठलं पॉलिश लावता?

"पॉलिश नाही मॅडम," दुर्गा म्हणाली. "पाणी."

मॅडमनी सगळी घेतली आणि उरलेली अकरा नंतर पाठवायला सांगितली. खोलीच्या दारात संतोष उभा होता, मोटारसायकल चालू ठेवून. दिवाळी आली, गेली. स्थळांचा विषय त्या घरात निघाला नाही असं नाही, पण दुर्गा रोज दुपारी येत राहिली, आणि बाकी चौघीही.

मिस्त्री गेल्या थंडीत गेले. मी बुलढाण्याला धरण्यावर होते, दुर्गाचा फोन आला. एसटीनं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या मुलानं मला एक पिशवी दिली. तिच्यात न वापरलेले वॉटरपेपर होते, नंबरवार दोऱ्यानं बांधलेले. मी त्या माणसाला रेशन मिळवून दिलं असं मी लोकांना सांगत असे. त्यांनी मला काय दिलं ते मी कधी कुठल्या पत्रकात लिहिलं नाही, कारण पत्रकात दोष कोणाचा ते लिहायची सोय असते, उपकार कोणाचे ते लिहायची नसते. म्हणून हे इथे लिहिते. माझं चुकलं असं म्हणायला मी गिरणीमागच्या एका खोलीत शिकले, आणि ते शिकवणारा माणूस चौथीपर्यंत शिकलेला होता. त्यानंतर मी सभेत बोलले तेव्हा लोकांनी माझं जास्त ऐकलं. हे का होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण होतं.

मी खोलीला कुलूप लावलं. तेरा दिवस तरी उघडायची नाही असं ठरवलं. चौथ्या दिवशी संतोष माझ्या दारात.

"ताई, खोली काऊन बंद?"

मी म्हटलं, मिस्त्रीबाबा गेले ना.

"गेले, म्हणून? दुर्गी घरात बसून सगळे भांडे घासून राह्यली. कळशी झाली, परात झाली, आता दाराच्या कड्या घासते. माय म्हणते, तिले खोलीवर जाऊ द्या, नाईतर घरात काई उरनार नाई." मग जरा खाली बघून म्हणाला, "चावी द्या. उघडतो मी."

मी म्हटलं, चावी दुर्गाला देईन. बोलाव तिला.

तो गेला आणि तिला घेऊन आला. तिनं चावी घेतली, कुलूप काढलं, खिडकी उघडली, आणि कोपऱ्यातली बादली उचलून गिरणीच्या नळाकडे निघाली. संतोष दारात अवघडून उभा होता. नळासमोरच गावातला चौक होता, आणि चौकात बघणारी माणसं होती.

"आण," तो म्हणाला, "मी भरतो पाणी."

दुर्गानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि बादली त्याच्या हातात दिली.